ब्रश केला की रक्त येतं, म्हणून त्या बाजूला ब्रशच बंद केला

प्रश्न: डॉक्टर मॅडम, मी ३४ वर्षांची आहे, कराडजवळच्या गावात राहते, पतसंस्थेत नोकरी करते. पाच-सहा महिने झाले ब्रश करताना रक्त येतंय, डावीकडे खालच्या दाढांजवळ जास्त. म्हणून गेले दोन महिने त्या बाजूला ब्रश लावतच नाही, बोटाने मीठ-तेल चोळते आणि हिरड्या घट्ट करणारी म्हणून पेस्ट मिळते ती वापरते. दुखत काहीच नाही, पण तोंडाला वास येतो असं नवरा म्हणाला, मला फार लाज वाटली. इथल्या डेंटिस्टने क्लीनिंग करा म्हणून सांगितलं, पण आत्या म्हणते तिने क्लीनिंग केलं आणि दातांत फटी पडल्या, दात हलायला लागले. माझी आई ५८ वर्षांची, तिला शुगर आहे, लहानपणापासून मशेरी लावते. तिचे खालचे पुढचे दोन दात हलतात पण हिरड्यांतून रक्त कधीच येत नाही, ती म्हणते मशेरीने हिरड्या पक्क्या राहतात. आता म्हणते सगळे दात काढून कवळीच बसवू. माझंही असंच होणार का? आणि खाली गेलेली हिरडी परत येते का?

उत्तर: ताई, पत्र दोनदा वाचलं. आधी लाजेचं सांगते. तोंडाला वास येणं हे तुमच्या अस्वच्छतेचं सर्टिफिकेट नाही, हिरडीच्या आत जंतू साठलेत आणि ते जो वायू सोडतात त्याचा तो वास आहे, हिरडी बरी झाली की वासही जातो. नवऱ्याने सांगितलं हे चांगलंच झालं, कारण स्वतःच्या तोंडाचा वास स्वतःला येत नाही.

आता मुख्य गोष्ट. रक्त दिसलं की हात आपोआप मागे येतो, जखम आहे तिथे कशाला घासायचं असं वाटतं, आणि हाताला-पायाला लागलं असतं तर ते बरोबरही होतं. हिरडीचं उलट आहे. दाताच्या मुळाशी जंतूंचा थर बसतो, त्याने हिरडी सुजते, आणि सुजलेल्या हिरडीला ब्रशचे केस नुसते लागले तरी रक्त येतं. तुम्ही ब्रश बंद केलात, थर तसाच वाढत राहिला, सूज वाढली, आता त्या बाजूला आधीपेक्षा जास्त रक्त येत असणार. दोन महिने तुम्ही जिची सर्वात जास्त काळजी घेतलीत तीच बाजू सगळ्यात जास्त बिघडली, आणि हे कुणी तुम्हाला सांगितलं नाही याचं मला वाईट वाटतं. तर आज रात्रीपासून डावीकडे ब्रश सुरू करा. क्लीनिंगची तारीख मिळेपर्यंत थांबू नका. पहिले चार-पाच दिवस रक्त येईल, थोडं जास्तच येईल, घाबरू नका, थांबू नका.

हा थर म्हणजे काय ते एकदा स्वतः बघा म्हणजे पटेल. संध्याकाळी आरशासमोर उभं राहून दात आणि हिरडी जिथे भेटतात तिथे नखाने हलकंच खरवडा. नखावर पिवळट पांढरं, मऊ, लोण्यासारखं काहीतरी येईल. लोकांना वाटतं ते अन्न आहे. अन्न थोडंच असतं, ते जवळपास सगळे जंतूच असतात, एकमेकांना चिकटून राहिलेले. याला प्लाक म्हणतात. सकाळी कितीही चांगलं घासलं तरी काही तासांत परत बसायला लागतो, म्हणून रोज काढावाच लागतो. नुसती चूळ भरून तो निघत नाही, चिकट असतो. आणि काढला नाही तर लाळेतलं कॅल्शियम त्यात उतरतं आणि तो दगडासारखा कडक होतो, बोअरच्या पाण्याने बंबात क्षार चढतात ना अगदी तसं. हेच किटण. सगळ्यात जास्त कुठे चढतं बघा, खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला, जिभेकडे, कारण लाळेच्या ग्रंथींची तोंडं तिथे जवळच उघडतात. एकदा किटण झालं की ब्रशने निघत नाही, मीठ-तेलाने नाही, तुरटीने नाही, लिंबाने नाही (लिंबू चोळू नका, दाताचं वरचं आवरण झिजतं), आणि महागातल्या महाग पेस्टने पण नाही. तुमची ती पेस्ट वाईट आहे असं मी म्हणत नाही, पण ती किटणाखाली पोचतच नाही. मीठ-तेलाने बोटाचा मसाज होतो, बरं वाटतं, पण दोन दाढांच्या मधे बोट जात नाही आणि आजार सुरू होतो तो नेमका तिथूनच.

मी हे मनाने सांगत नाहीये. १९६५ साली डेन्मार्कमधल्या आर्हूसच्या डेंटल कॉलेजात हॅराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२ निरोगी माणसांना, त्यातले बरेचसे कॉलेजचेच विद्यार्थी, दात घासायचं पूर्ण बंद करायला लावलं. १० ते २१ दिवसांत प्रत्येकाच्या हिरड्या सुजल्या, एकही सुटला नाही. मग परत घासायला सुरुवात केली आणि साधारण आठवड्याभरात हिरड्या पहिल्यासारख्या झाल्या. आम्हाला कॉलेजात पहिल्यांदा हे शिकवलं तेव्हा मला वाटलं एवढं साधं असेल तर मग लोकांचे दात का पडतात, त्याचं उत्तर पुढे आहे.

आजाराच्या दोन पायऱ्या आहेत. पहिलीत नुसती हिरडी सुजलेली असते, लाल दिसते, रक्त येतं, आतलं हाड शाबूत असतं. ही पूर्ण बरी होते, काही मागे राहत नाही. दुसरीत जंतू हिरडीच्या आत उतरतात, हिरडी दातापासून सुटते, मधे खिसा तयार होतो ज्याला आम्ही पॉकेट म्हणतो, आणि दाताला धरून ठेवणारं जबड्याचं हाड हळूहळू विरघळत जातं. यालाच लोक पायरिया म्हणतात. गेलेलं हाड आपणहून परत येत नाही, पण आजार आहे तिथे थांबवता मात्र येतो. आणि या सगळ्यात दुखत नाही हो. दाताची कीड एका रात्रीत माणसाला डॉक्टरकडे आणते, पायरिया वर्षानुवर्षं गप्प बसतो आणि एक दिवस भाकरीचा तुकडा तोडताना दात हलल्यासारखा वाटतो.

तुमची कुठली पायरी आहे हे पत्रावरून मला सांगता येणार नाही, आणि कुणी फोटो बघून सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. त्यासाठी मोजावं लागतं. एक बारीक बोथट सळई असते, तिच्यावर मिलिमीटरच्या खुणा असतात, ती प्रत्येक दाताभोवती हिरडीत हलकेच सरकवायची आणि आकडे मोठ्याने म्हणायचे, असिस्टंट लिहून घेते. तीन, दोन, तीन. दोन, दोन, तीन. तीनपर्यंत ठीक असतं. आणि मग मागच्या दाढेला आलं की पाच, सहा. खुर्चीतल्या माणसाला मराठी आकडे कळतातच, सहा ऐकलं की तो डोळे उघडतो. तुम्ही जाल तेव्हा डॉक्टरांना विचारा, पॉकेट मोजलं का, एक्स-रे काढायची गरज आहे का. विचारण्यात काही उद्धटपणा नाही.

आता आत्यांचं. आत्या खोटं बोलत नाहीत, त्यांनी जे पाहिलं तेच सांगतायत, फक्त कारण चुकीचं लावलंय. माझ्याकडे एक मावशी आल्या होत्या, वीस-बावीस वर्षांत कधी क्लीनिंग नाही. खालच्या सहा दातांच्या आतून किटणाची अखंड एकच पट्टी होती, दात वेगळे दिसतच नव्हते. स्केलिंगचं, म्हणजे क्लीनिंगचं मशीन लावलं आणि ज्वारीच्या दाण्याएवढे काळपट हिरवट तुकडे सुटून यायला लागले, मी ते कापसावर काढून त्यांना दाखवले, त्यांना वाटलं दाताचे तुकडे पडतायत. किटण निघाल्यावर त्यांनी जीभ फिरवली आणि रडवेल्या झाल्या, मॅडम फटी पडल्या. त्या फटी आधीपासूनच होत्या, त्यात दगड भरला होता. हाड कधीच गेलेलं होतं आणि ते हलते दात किटणानेच एकमेकांना बांधून ठेवले होते. वर सूज उतरली की हिरडी थोडी आक्रसते, मूळ थोडं उघडं पडतं, मग गार पाणी आठ-पंधरा दिवस झिणझिणतं. ते कमी होतं. पण कुणी हे आधी समजावून सांगितलं नाही तर माणसाला वाटणारच की क्लीनिंगने दात खिळखिळे झाले, आणि मग तो दहा जणांना सांगतो आणि ते दहा जण घाबरून येत नाहीत. यात चूक आम्हा डॉक्टरांची आहे, पेशंटची नाही. मशीन दाताचं आवरण झिजवत नाही, ते बारीक थरथरतं आणि किटण सुटतं, बरोबर पाणी उडत असतं. तुमचं वय ३४ आहे, लवकर जाताय, तुमच्या फटी पडण्याइतकं नुकसान बहुतेक झालेलं नसेल.

आईच्या हिरड्यांतून रक्त येत नाही हे वाचून मला जास्त काळजी वाटली. तंबाखूतल्या निकोटीनने हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, रक्तच कमी पोचतं, म्हणून सूज दिसत नाही, रक्त येत नाही. मशेरी लावणाऱ्या बायकांच्या हिरड्या मी रोज बघते, फिकट, जाडसर, चामड्यासारख्या, वरून अगदी पक्क्या वाटतात, आणि सळई घातली की सात मिलिमीटर आत जाते, एक थेंब रक्त नाही. धोक्याची जी एक खूण शरीर देतं तीच मशेरी पुसून टाकते. तुमच्या हिरडीतून रक्त आलं म्हणून तुम्ही पत्र लिहिलंत. आईला ती संधीच मिळाली नाही, दात हलेपर्यंत कळलं नाही. तिला दोष देऊ नका, आपल्याकडे मशेरी हे दात घासायचं साधन म्हणूनच आईकडून मुलीकडे आलंय, तव्यावर भाजलेला तंबाखू आहे असं कुणी म्हणत नाही. ती सोडणं सोपं नाही, सकाळी मशेरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही असं कितीतरी जणी सांगतात आणि ती सवय खरीच असते. सरकारची मोफत हेल्पलाइन आहे १८००-११-२३५६, तिथे तंबाखू सोडायला मदत करतात, फोन तुम्ही लावून द्या. सोडल्यावर काही आठवड्यांत कदाचित हिरडीतून रक्त यायला लागेल, तेव्हा ती म्हणेल बघ मशेरी सोडली आणि रक्त सुरू झालं. आधीच सांगून ठेवा की हिरडीत रक्त परत यायला लागलंय आणि खाली जी सूज होती तीच आता दिसतेय. आणि तोंड तपासताना गालाच्या आत, जिथे मशेरी जास्त वेळ राहते तिथे पांढरा किंवा लाल चट्टा आहे का, दोन-तीन आठवड्यांत न भरलेला फोड आहे का, तोंड पूर्ण उघडतं का, हे डॉक्टरांना आवर्जून बघायला सांगा. ते हिरडीपेक्षाही महत्त्वाचं आहे.

शुगरचं पण इथेच सांगते. शुगर जास्त असली की हिरडीचा आजार वेगाने पसरतो हे बऱ्याच जणांना माहीत असतं. उलटही खरं आहे, हिरडीत कायमची सूज असली की शुगर आटोक्यात यायला त्रास होतो. हिरड्यांवर नीट उपचार झाले तर तीन-चार महिन्यांनी एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी शुगर, साधारण ०.४ ने खाली येते असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. आठवरून ७.६, समजा. शुगरच्या डॉक्टरांनी दात बघून घ्या असं सांगितलं नसेल तर तुम्ही सांगा.

तुमचंही असंच होणार का. हाच प्रश्न त्याच लो यांनी पुढे श्रीलंकेतल्या चहाच्या मळ्यांत नेला. तिथले ४८० पुरुष कामगार, ब्रश माहीत नाही, डेंटिस्ट कधी पाहिलेला नाही, सगळ्यांच्या दातांवर थर आणि किटण, सगळ्यांच्या हिरड्या सुजलेल्या. १९७० पासून १५ वर्षं त्यांना तपासत राहिले. साधारण ८ टक्के लोकांचा आजार झपाट्याने वाढला, दात गेले. ११ टक्के लोकांचा हिरडीच्या सुजेच्या पुढे गेलाच नाही. बाकीचे ८१ टक्के मधले, हळूहळू वाढणारे. म्हणजे घाण सारखीच असली तरी प्रत्येकाचं शरीर सारखं वागत नाही, आणि ते थोडंफार घराण्यातून येतं हे खरं आहे. पण तुम्ही मशेरी लावत नाही, शुगर नाही (एकदा तपासून घ्या, आईला आहे म्हणून), आणि हे दोन महिने डावीकडचे सोडले तर दात रोज घासता. घराण्यातून आलेला कल बदलता येत नाही, थर रोज काढता येतो, आणि थराशिवाय हा आजार सुरूच होत नाही. आईला आहे म्हणून तुम्ही दर सहा महिन्यांनी तपासायला जायचं, बाकीच्यांसारखं दुखलं की मगच असं नाही.

खाली गेलेली हिरडी परत येते का. आपोआप नाही. सूज उतरते, रंग परत येतो, घट्टपणा येतो, पण हाड गेल्यामुळे उतरलेली हिरडी कुठल्या पेस्टने किंवा तेलाने वर चढत नाही, जाहिरातीत काहीही म्हणू देत. काही ठिकाणी तोंडातल्या टाळूची थोडी त्वचा घेऊन शिवता येते, ते हिरड्यांचे तज्ज्ञ, पेरिओडॉन्टिस्ट करतात, सगळीकडे करता येत नाही. खोल पॉकेट असेल तर भूल देऊन आतून मुळं साफ करतात, तरीही राहिलं तर हिरडी थोडी उघडून साफ करतात, त्याला फ्लॅप म्हणतात. नाव ऐकून घाबरायला होतं पण दोन-तीन दिवस मऊ खायचं, एवढंच बहुतेकांना होतं. कराडलाच डेंटल कॉलेज आहे, कॉलेजात हिरड्यांचा वेगळा विभाग असतो आणि खर्च प्रायव्हेटपेक्षा बराच कमी येतो. लांबच्या वाचकांसाठी, मुंबई, नागपूर आणि संभाजीनगरला सरकारी डेंटल कॉलेजं आहेत.

ब्रश कसा करायचा ते आता, कारण चुकीचा केला तर आठवड्यात कंटाळून सोडाल. ब्रश सॉफ्टच घ्या, मीडियम-हार्ड नाही, जोरात घासल्याने हिरडी आणखी खाली जाते. ब्रशचे केस अर्धे दातावर अर्धे हिरडीवर येतील असे तिरके धरा, साधारण ४५ अंशात, म्हणजे केसांची टोकं हिरडीच्या कडेखाली शिरतील. तिथेच धरून दोन दातांपुरतं बारीक बारीक हलवा, आठ-दहा वेळा, आडवं करवतीसारखं ओढू नका, मग पुढच्या दोन दातांवर. दोन मिनिटं लागतात, घड्याळ लावून बघा, किती लांब वाटतात ती दोन मिनिटं. रात्रीचा ब्रश चुकवू नका, एखाद दिवशी सकाळचा चुकला तरी चालेल. आणि दाढांच्या मधे इंटरडेंटल ब्रश म्हणून छोटा बाटली धुवायच्या ब्रशसारखा मिळतो तो घाला, फट नसेल तर फ्लॉस, म्हणजे दातांच्या मधून फिरवायचा बारीक दोरा. सेफ्टीपिन, टाचणी, काडेपेटीची काडी अजिबात नाही. कडुलिंबाची काडी आवडत असेल तर चावा, पण रात्री ब्रश कराच.

माउथवॉश डॉक्टरांनी क्लोरहेक्सिडिन दिलं तर दोन आठवडे वापरा आणि बंद करा, जास्त दिवस घेतलं तर दातांवर तपकिरी डाग येतात, चव जाते. पेस्टनंतर लगेच घेऊ नका, अर्धा तास जाऊ दे, नाहीतर पेस्टमुळे त्याचा असर कमी होतो. कोमट मिठाच्या पाण्याने चूळ भरली तर आराम वाटतो, खुशाल भरा, फक्त त्याला उपचार समजू नका.

दहा-पंधरा दिवस नीट ब्रश करून, क्लीनिंग करून पण रक्त थांबलं नाही तर परत दाखवा. आणि ब्रश न लावता, बसल्या बसल्या हिरडीतून रक्त येत असेल, बरोबर ताप असेल, अंगावर काळेनिळे डाग असतील तर डेंटिस्टच्या आधी फॅमिली डॉक्टरकडे जा आणि रक्ताची तपासणी करा, डेंग्यूत प्लेटलेट कमी झाल्या तरी असं होतं आणि रक्ताचे गंभीर आजार पण कधी कधी हिरडीतूनच पहिल्यांदा दिसतात. गरोदर बायकांच्या हिरड्या हार्मोनमुळे जास्त सुजतात, त्यांनी क्लीनिंग टाळायची गरज नाही, चौथा ते सहावा महिना त्याला चांगला.

आता आईची कवळी. सगळे दात काढायचा निर्णय आत्ता घेऊ देऊ नका, प्लीज. दोन दात हलतायत, सगळे नाही. आधी किटण काढून, मुळं साफ करून, सूज उतरू दे, कधी कधी थोडे हलणारे दात यानेच बऱ्यापैकी स्थिर होतात. नाही झाले तर शेजारच्या पक्क्या दातांना आतून बारीक तारेने किंवा फायबरच्या पट्टीने बांधता येतात, बाहेरून दिसत नाही. आणि जे दोन खरंच वाचणार नाहीत तेवढेच काढायचे. खालची पूर्ण कवळी फार त्रास देते, पायरियाने हाड झिजलेलं असलं की तिला बसायला जागाच राहत नाही, बोलताना उचलते, भाकरी चावता येत नाही, माणूस दूध-भाकरी कुस्करून खातो. स्वतःचे आठ-दहा दात राहिले तरी खायला किती फरक पडतो हे कवळी लावणाऱ्या कुणालाही विचारा.

तिला घेऊन जाताना सकाळची वेळ घ्या, नाश्ता आणि शुगरची गोळी नेहमीसारखी देऊनच न्या, उपाशी नेऊ नका. सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाका. बीपीची अॅम्लोडिपिन असेल तर तिने पण काही जणांच्या हिरड्या वाढतात, रक्त पातळ करायची गोळी असेल तर ती डॉक्टरांना आधी माहीत हवी, पण स्वतःहून कुठलीच बंद करायची नाही. अपॉइंटमेंट दोघींची एकाच दिवशी घ्या, खुर्चीत आधी तुम्ही बसा, म्हणजे तिला शेजारी उभं राहून बघता येईल की दात काढत नाहीत, नुसते साफ करतात.